मॉरिशसचं पाचट

मॉरिशसला निघालो तेव्हा घरचे हसले. शिरोळचा माणूस, चारी बाजूंना ऊस, आणि हा पैसे घालून ऊसच बघायला चाललाय! त्यांचं खोटं नव्हतं. विमानतळावरून माहेबूरकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊसच. पण फडाच्या मधोमध काळ्या दगडांचे ढीग, काही तर घराएवढे. बेट ज्वालामुखीतून वर आलेलं, त्यामुळे लागण करायची तर आधी दगड वेचायचे. ते वेचले आधी गुलामांनी, आणि १८३४ पासून भारतातून करारावर आणलेल्या मजुरांनी. त्यांत आपल्या कोकणातलीही माणसं होती. गणेश चतुर्थीला या देशात आजही सरकारी सुट्टी असते.

माहेबूरच्या बाजारात दालपुरी खाल्ली. पुरणपोळीत गूळ घालायचा राहिला तर जशी लागेल तशी. वर घेवड्याची उसळ आणि टोमॅटोची चटणी. जोडीनंच मिळते, एक मागितली तर बाई बघत राहतात.

एके काळी या देशाचं सगळं साखरेवर चालायचं. युरोपनं ठरवून दिलेला भाव २००९ मध्ये गेला आणि कारखाने भराभर मिटले. आता कापड, पर्यटन, बँका. उरलेल्या कारखान्यांत चिपाडं जाळून वीज करतात, तेवढं आपल्यासारखंच.

पण मी आलो होतो 'इल ओ एग्रेत'साठी. किनाऱ्यासमोरचं प्रवाळी दगडाचं बेट, जेमतेम २६ हेक्टर. होडीतून उतरलो तर वाटेतच एक भलं मोठं कासव आडवं. तासाभरात ते चार पावलं चाललं असेल. ते इथलं नव्हे, सेशेल्समधल्या अल्दाब्रा बेटाचं. इथली कासवं माणसांनी डोडोसारखीच संपवली, आणि त्यांच्या पोटातून जाऊन रुजणाऱ्या एबनी या काळ्या लाकडाच्या झाडाच्या बिया रुजेनात. म्हणून हा बदली कामगार. त्याच्या लेंडीतून उगवलेली रोपं वाटाड्यानं बोटानं दाखवली. वर फांदीवर गुलाबी कबुतर होतं. १९९० च्या सुमारास रानात अशी दहाएकच उरली होती, आता शेकड्यांनी आहेत.

२०२० च्या जुलैत 'वाकाशिओ' हे जहाज इथून जवळच प्रवाळावर चढलं आणि ऑगस्टमध्ये त्यातून सुमारे हजार टन तेल समुद्रात आलं. लोकांनी सरकारची वाट बघितली नाही. कापडाच्या लांब पिशव्या शिवल्या, त्यात उसाचं पाचट, म्हणजे वाळलेला पाला, कोंबलं, तरंगायला प्लास्टिकच्या बाटल्या बांधल्या आणि समुद्रात आडव्या सोडल्या. तरी बेटाच्या कडेला तेल लागलंच, पण बरंचसं त्या पाचटानं धरलं.

"आमच्याकडे तोड झाली की पाचट पेटवून देतात," मी बोलून गेलो.

वाटाड्या थांबला. "सगळं?"