आमची वाटचाल: पत्रिकेपासून पटापर्यंत

परभणीत आमचा छोटा छापखाना. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, जत्रेची हँडबिलं. २०२० मध्ये लग्नाला पन्नासच माणसं चालतील असा नियम आला आणि पत्रिकांचं काम बसलं. त्याच दिवसांत एका दुकानदाराने कॅरमसोबत द्यायची नियमांची पुस्तिका छापायला आणली. मजकूर वाचून मला काही कळेना, म्हणून म्हटलं, मीच लिहून देतो.

तिथेच तोंडघशी पडलो. ‘राणी घेतल्यावर लगेच आपली सोंगटी घ्यावी,’ असं लिहिलं. पाचशे प्रती गेल्या. आठवड्याने फोन: "भाऊ, पोरं भांडायलेत. लगेच म्हंजे कधी?" एक म्हणे त्याच फटक्यात, दुसरा म्हणे पुढच्या. खरं तर दोन्ही चालतं. आता असं लिहितो: ‘राणी पडली त्याच फटक्यात किंवा आपल्या पुढच्याच फटक्यात आपल्या रंगाची सोंगटी पडली, तरच राणी आपली. नाही तर राणी परत मधोमध.’ उरलेल्या प्रतींवर दुरुस्तीच्या चिठ्ठ्या रात्री बसून आम्हीच चिकटवल्या, खळ आणि पैसे दोन्ही घरचे.

तेव्हापासून एक पद्धत पडली. कच्ची पुस्तिका खेळ न येणाऱ्यांच्या हातात द्यायची, आपण कोपऱ्यात बसायचं आणि तोंड उघडायचं नाही. शेवटचं फार जड जातं. सापशिडीला कसले आलेत नियम, असं मला वाटायचं. आत्याची सोंगटी ९७ वर, दान पडलं पाच. वहिनी म्हणाली, नेमके तीनच पाहिजेत. आत्या म्हणाली, "पोचले की मी!" पुस्तिकेत त्याची ओळच नव्हती. पुढे मोक्षपटाचं, म्हणजे सापशिडीच्या जुन्या रूपाचं काम आलं, आपेगावच्या ज्ञानेश्वर माउलींशी नाव जोडलं जातं तोच. तिथे कवड्या. उताण्या मोजायच्या की पालथ्या, इथपासून सुरुवात.

सध्या टेबलावर नवकंकरी आहे. प्रत्येकी नऊ खडे, तीन एका ओळीत आले की समोरच्याचा एक उचलायचा. पण समोरच्याचे सगळेच खडे तिनाच्या ओळीत असतील तर? गंगाखेडचे एक आजोबा म्हणतात, उचलायचा. सेलूचे मामा म्हणतात, हात लावायचा नाही. दोघंही लहानपणापासून तसंच खेळत आलेत. बहुतेक दोन्ही छापू, ‘डाव मांडण्याआधी ठरवा’ अशी चौकट करून. मामांना अजून सांगितलेलं नाही.