गिऱ्हा, नोंद ४ : साडेसहा इंचांतून माणूस

गिऱ्हा नावाच्या भुताची छोटी मूर्ती मी घडवतोय, तिचा मागच्या नोंदीत दाखवलेला सांगाडा मी मोडला. लोखंडी जबडा, खांद्यावर पिस्टन, दिसायला जबरदस्त होता आणि बऱ्याच जणांना आवडलाही होता. पण रात्री तो टेबलावर ठेवून बघत बसलो आणि एक प्रश्न काही सुटेना: हा बोरमधून वर आला कसा?

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. गिऱ्हा म्हणजे पाण्यात बुडून मेलेल्याचं भूत, विहिरीत, डोहात राहणारं. आमच्या लातूरकडं विहिरी आटल्या आणि सगळी भिस्त बोरवर आली. मग गिऱ्हाही तिकडंच उतरला असणार, आणि त्या अंधारात त्याला सोबत एका सबमर्सिबल मोटारीची. दोघांचं मिळून एक शरीर झालं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, पहिल्या खेपेला दहा वॅगन, पाच लाख लिटर. तेव्हा मी शाळेत होतो, घागरींच्या रांगेत उभा राहायचो. माझा गिऱ्हा त्याच उन्हाळ्यातला आहे.

तर माप. आपल्याकडं बोर साधारण साडेसहा इंची, म्हणजे १६५ मिमी. माझं काम १:१२ मध्ये, खऱ्याच्या बाराव्या हिश्श्यात, म्हणजे भोक पावणेचौदा मिमीचं. सुताराकडून एका सागवानी ठोकळ्यात १४ मिमीचं आरपार भोक पाडून आणलं. आता नियम असा की गिऱ्ह्याचा प्रत्येक तुकडा त्यातून गेलाच पाहिजे. चार इंची पंपासाठी जुन्या बॉलपेनची नळी घेतली, ती ८ मिमीची. भोवती उरले तीन-तीन मिमी. तेवढ्यात माणूस बसवायचा.

बरगड्यांचा पिंजरा तिथं बसणंच शक्य नाही. म्हणून त्या मिटलेल्या छत्रीच्या काड्यांसारख्या पंपाला चिकटवून उभ्या खाली वळवल्या. एक खांदा वर, दुसरा दोन सेंटिमीटर खाली. कमरेचं हाड मधोमध दुभंगून मोटारीच्या दोन बाजूंना नेलं. सगळ्यात जास्त छळलं कवटीनं. कानापासून कानापर्यंत ती साधारण १५ सेंमी, पण कपाळापासून मागं १९ च्या आसपास, म्हणजे खऱ्या माणसाचं डोकंसुद्धा या भोकातून जात नाही. ती दाबून वर ओढली. पाच फूट सहा इंचांचा माणूस या मापात १४ सेंमी भरतो. माझा आता २१ सेंमीचा झालाय. उभा केला की काटा येतो अंगावर, आणि अजून दात एकही लावलेला नाही.

माणूस आणि यंत्र मिळून झालेल्या अशा शरीराला सायबॉर्ग म्हणतात. हा शब्द १९६० मध्ये मॅनफ्रेड क्लाइन्स आणि नेथन क्लाइन यांनी मांडला तो अवकाशासाठी. माणसाभोवती पृथ्वीसारखी हवा वाहून नेण्यापेक्षा माणसाचं शरीरच तिथल्यासाठी बदलावं, असा त्यांचा विचार. माझ्या गिऱ्ह्याला बोरनं बदललंय, एवढाच फरक.

आता या कामातली मला सगळ्यात भावलेली गोष्ट. सबमर्सिबलमध्ये मोटार खाली असते, पंप वर, आणि पाणी आत घेणारी जाळी दोन्हींच्या मध्ये. अंगावर बसवून बघा: पायांच्या जागी मोटार, पोटाच्या जागी जाळी, गळ्याशी डिलिव्हरी, म्हणजे पाणी बाहेर सोडणारं तोंड. आपण तोंडानं पितो आणि पाणी पोटात जातं. हा पोटानं ओढतो आणि सगळं तोंडातून बाहेर पडतं. घोटभरसुद्धा आत राहत नाही. आणि थांबायची सोय नाही, कारण मोटार गार राहते ती तिच्या अंगावरून वाहणाऱ्या पाण्यानंच. पाणी तुटलं की वायंडिंग, म्हणजे आतली तांब्याच्या तारेची गुंडाळी, जळतं. शेतीची लाईट रात्रपाळीला आली की याला जाग येते आणि तहान सुरू होते.

रंगासाठी आमच्या गल्लीतल्या रिवायंडिंगवाल्या मामांकडं गेलो. त्यांनी जळालेली एक मोटार उघडून दाखवली. "ही पाण्याबिगर पळाली बघ, समदी सारखीच काळी. तीनातला एक फेज गेला असता तर थोडी तांबडी राहिली असती." म्हणून कमरेखाली मी कुठंही तांब्याची चमक ठेवली नाही. काळ्यावर जळक्या वार्निशचा तपकिरी, पातळ, तीन हात. मामांनी भंगारातली तारही दिली. २२ गेजची स्नायूबंधांना, ३६ गेजची, केसासारखी, नसांना.

बरगड्या ज्यातून घडवतो तो एपॉक्सी मेच्या दुपारी पत्र्याखाली कालवला तर बोटांतच दगड होतो. उजव्या बाजूच्या चार बरगड्या अशाच गेल्या. आता पहाटे पाचला बसतो आणि हरभऱ्याएवढाच गोळा घेतो.

हाड आणि धातू जिथं भेटतात तिथं फट ठेवलेली नाही. टायटॅनियमला हाड पक्कं धरतं, हे स्वीडिश संशोधक ब्रेनमार्क यांना १९५२ मध्ये सशाच्या हाडात दिसलं होतं. कातडी मात्र तशी धरत नाही. म्हणून गळपट्टीच्या हाडाभोवती कातडीची कड सुटी ठेवली, जरा सुजलेली, आणि तिला लालसर ओल दिली. अख्ख्या अंगावर चकाकी एवढ्याच जागी आणि जाळीवर. बाकी सगळी धूळ.

हात अजून माणसाचाच आहे. डावा तळवा सुईनं कोरला, दोन रात्री लागल्या. मोटार वर ओढताना दोर तळहातातून घसरतो, त्याचा वळ आडवा न जाता अंगठ्याच्या मुळापासून करंगळीखाली तिरपा उतरतो. आमच्या आबांच्या हातावर तो आहे. त्यांना तासभर समोर बसवून काढला. त्यांनी गिऱ्ह्याचा हात उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाले, "नख वाढलेलं दाखव. खाली कोण कापणार त्याचं?"

नखं या आठवड्यात. मग बोरच्या कडा ढासळू नयेत म्हणून घालतात तो केसिंग पाइप, आणि त्याभोवती काळी माती, मुरूम, खाली काळा पाषाण असा कापलेला थर.