निको बेच्या पाण्यातली पोवळी

पॅसिफिक महासागरातल्या पलाऊ या छोट्या द्वीपदेशाला जाणारे बहुतेक जण ब्लू कॉर्नरचे शार्क नाहीतर जेलीफिश लेक बघायला जातात. मी गेले ती निको बेसाठी. कोरोर शहराच्या अगदी कुशीत, रॉक आयलंड्सच्या मधोमध अडकलेला हा उपसागर. आमच्या बोटवाल्याच्या लेखी ती बाहेरचा समुद्र खवळला की जायची जागा होती. चांगल्या हवेत मला तिथेच जायचंय म्हटल्यावर त्याने दोनदा विचारून खात्री करून घेतली.

विमानतळावर पासपोर्टवर एक शिक्का मारतात. त्यात पलाऊच्या मुलांना उद्देशून निसर्ग जपण्याची शपथ असते आणि तिच्याखाली पाहुण्याने सही करायची असते. २०१७च्या अखेरीपासून ही पद्धत आहे. शिवाय २०२०पासून प्रवाळांना घातक रसायनं असलेल्या सनस्क्रीनवर बंदी. शपथेचा उपयोग किती होत असेल कोण जाणे, पण सनस्क्रीनचा नियम मात्र मला मनापासून पटला.

रॉक आयलंड्स म्हणजे पाण्यातून वर आलेल्या हिरव्या छत्र्या. वर दाट झाडी, खाली पाण्याच्या रेषेला खडक चारी बाजूंनी आत खणलेला. ही बेटं मुळात जुने प्रवाळखडकच. फार पूर्वी ते समुद्रातून वर उचलले गेले आणि आता पाणी नि खडक कुरतडणारे जीव मिळून त्यांची कंबर बारीक करताहेत. बोट त्या खाचेला लागून चालली होती, तेव्हा वरचा खडक जवळजवळ डोक्यावर आला होता. हात लावून पाहिला तर धारदार.

आता निको बेच का, ते सांगते. हवेतला कार्बन डायऑक्साइड समुद्रात विरघळला की पाण्याचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कपणाचं माप, उतरतो. औद्योगिक काळाच्या आधी समुद्राच्या पृष्ठभागाचा पीएच साधारण ८.२ होता, आता ८.१च्या आसपास आहे. ०.१चा फरक म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण पीएचची मोजपट्टी अशी आहे की तेवढ्याने हायड्रोजन आयनांचं प्रमाण पाव हिश्शाहून जास्त वाढतं. हे जादा हायड्रोजन आयन पाण्यातल्या कार्बोनेटला पकडतात आणि पोवळ्यांना सांगाडा बांधायला लागणारा माल कमी पडतो. पाणी अजून आम्ल झालेलं नाही, अल्कधर्मीच आहे. पण कल आम्लाकडे आहे, म्हणून आम्लीकरण.

निको बेचा पीएच आजच ७.८च्या आसपास आहे. खुला समुद्र या शतकाच्या अखेरीस जिथे पोचेल असा अंदाज आहे, साधारण तिथे. गंमत म्हणजे यात कारखान्यांचा हात नाही. उपसागराची तोंडं अरुंद, पाणी बदलायला दोन महिन्यांहून जास्त काळ लागतो. तेवढ्या काळात आतली पोवळी कार्बोनेट उपसत राहतात, सांगाडा बांधताना आणि श्वास घेताना कार्बन डायऑक्साइड सोडत राहतात. पोवळ्यांनीच आपलं पाणी बिघडवून ठेवलंय!

अशा पाण्यात उजाड तळ दिसेल, असं कुणालाही वाटेल. मी मास्क लावून खाली बघितलं आणि आधी नुसता हिरवट गढूळपणा दिसला. चार हात पुढे गेले, आणि मग तळ कुठे दिसेचना. बोटांसारख्या फांद्यांचे पिवळट पोराइट्स (हा पोवळ्यांचाच एक गट), एकावर एक रचलेल्या पानांसारखे पातळ थर, माझ्याहून मोठे गोल धोंडे. २०१४ साली शास्त्रज्ञांनी इथली नोंद प्रसिद्ध केली, तेव्हा बाहेरच्या खडकांपेक्षा इथे पोवळ्यांचं आच्छादन आणि विविधता जास्तच निघाली होती. पापुआ न्यू गिनीत समुद्रतळातून कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे निघतात तिथे असं होत नाही. फांद्यांची नाजूक पोवळी बरीच कमी होतात आणि पोराइट्सचे धोंडे तेवढे राज्य करतात.

मग निकोतली पोवळी करतात काय? पोवळं समुद्राच्या पाण्यात थेट सांगाडा बांधत नाही. पॉलिप म्हणजे पोवळ्याचा एकेक चिमुकला जीव. त्याची ऊती आणि खालचा सांगाडा यांच्यामध्ये द्रवाचा अतिशय पातळ थर असतो. पेशींमधले पंप त्यात कॅल्शियम ढकलतात आणि हायड्रोजन आयन बाहेर काढतात. त्यामुळे बाहेर काहीही असलं तरी आतला पीएच चढा राहतो आणि सांगाडा ज्याचा बनतो त्या अॅरागोनाइटचे स्फटिक जमत जातात. पण पंपाला ताकद लागते. ती मिळते ऊतीत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाकडून आणि रात्री पकडलेल्या प्लवकांकडून, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जिवांकडून. प्रयोगशाळेत पोटभर खायला घातलेली पोवळी कमी पीएच जास्त चांगला सोसतात, ते यामुळेच.

भूमध्य समुद्रातल्या दोन जातींची गोष्ट तर मला अजून खरी वाटत नाही. २००७मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्यांना नेहमीपेक्षा बऱ्याच कमी पीएचच्या पाण्यात ठेवलं, तर त्यांचा सांगाडा पार विरघळला. उघडे पॉलिप मात्र जिवंत राहिले. पुन्हा नेहमीच्या पाण्यात सोडल्यावर त्यांनी नव्याने सांगाडा बांधला.

हे सगळं आठवत मी एका मोठ्या धोंड्याला वळसा घातला. पलीकडची बाजू मोडून पडलेली होती. वरच्या पृष्ठभागावर जिवंत पॉलिपची सलग, तुकतुकीत साय, आणि तुटलेल्या कडेत नुसती भोकं. करंगळी जाईल अशी, पेन्सिल जाईल अशी, टाचणीच्या टोकाएवढी. एका भोकात पिवळा स्पंज गच्च भरला होता, दुसऱ्यात शिंपल्याची कड दिसत होती. पलाऊच्या पोवळ्यांच्या अभ्यासात बाहेरच्या खडकांपासून या उपसागरांपर्यंत पीएच उतरत जातो तशी ही पोखरण जवळपास अकरा पटींनी वाढलेली दिसली. बांधकाम चालू आहे, पण भाडेकरू भिंती खाताहेत.

पोराइट्सच्या धोंड्यातून काढलेल्या गाभ्याचा एक्स-रे काढला की झाडाच्या खोडासारखे वार्षिक पट्टे दिसतात. त्यावरून लांबी किती वाढली आणि घनता किती, हे दोन्ही वेगवेगळं मोजता येतं. २०१८मध्ये अशाच मोजणीतून दिसलं की आम्लीकरणाचा फटका बसतो तो घनतेला, लांबीला नाही. पोवळं वर चढत राहतं, फक्त पोकळ होत जातं. नुसत्या डोळ्यांनी खडक धडधाकट आहे असं सांगणाऱ्यांवर, म्हणजे माझ्यासारख्या पर्यटकांवर, फार भरवसा ठेवू नये तो याचसाठी.

अनुकूलन इथे झालंय, हे मात्र नक्की वाटतं. पाणीच फारसं बाहेर जात नसल्याने बहुतेक अळ्याही आतच रुजतात, आणि पिढ्यानपिढ्या त्याच पाण्यात टिकणारी पोवळी निवडली जातात. रॉक आयलंड्समधल्या पोराइट्समध्ये उष्णता सोसणारे वेगळे वंशही सापडलेत. पण यासाठी हा उपसागर कित्येक पिढ्या असाच, संथपणे, एकाकी राहिलाय. उरलेल्या समुद्राकडे काही दशकं आहेत, आणि पाणीही त्याच वेळी तापतंय. निकोकडे बघून "पोवळी सवय करून घेतात" असं म्हणणारे लेख मी वाचलेत. ते तुटलेल्या बाजूला गेलेले नसावेत.

कुणाला जायचं असेल तर भरतीला जा, ओहोटीला फांद्या पोटाला लागतात. पूर्ण बाह्यांचा स्विमसूट न्या, म्हणजे सनस्क्रीनचा प्रश्नच नको. फिन घालणार असाल तर सरावाने, कारण एक लाथ बसली की फांदी गेली. शक्यतो कयाकने जाऊन तरंगत बघा. आणि त्याच दिवशी बोटवाल्याला बाहेरच्या खडकावरही न्यायला सांगा. दोन्हीकडचे पोराइट्स लागोपाठ बघून फरक सांगता येतो का ते बघा. मला आला नाही.