अंगठ्याच्या इंजेक्शनची तयारी

रत्नागिरी, मे महिना

उद्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी, तळहाताच्या बाजूने, स्टेरॉईडचे इंजेक्शन घ्यायचे आहे. सकाळी अंगठा वाकलेलाच राहतो आणि दुसऱ्या हाताने सरळ केला की खटकन सुटून कळ येते. डॉक्टर याला ट्रिगर थंब म्हणतात. अंगठा वाकवणारी कंडरा ज्या अरुंद कड्यातून सरकते ते जाड झाल्याने ती तिथे अडकते, आणि मधुमेहींत हा त्रास अधिक आढळतो. रातांबे फोडणे आणि रोजचे नारळ खवणे यांनी दुखणे वाढवले, असे माझे मत आहे. डॉक्टर त्यावर नुसते हसले.

स्टेरॉईड म्हटल्यावर जाऊबाई धास्तावल्या. महिनोन्महिने गोळ्या घेणे आणि एका जागी थोडे औषध देणे यांत फरक आहे, हे त्यांना समजावले. मात्र त्यातला काही अंश रक्तात जातोच आणि मधुमेह असलेल्यांची साखर काही दिवस वाढू शकते, त्यामुळे मला सुईपेक्षा साखरेचीच चिंता अधिक आहे. ग्लुकोमीटरच्या पट्ट्या आजच आणल्या, वहीत उपाशीपोटीचे आणि जेवणानंतरचे रकाने आखले, आणि किती आकडा दिसल्यास फोन करायचा, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घेतले आहे. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, हेही त्यांनी विचारले होते; मला ती नाही.

सुईच्या जागेजवळ जंतुसंसर्ग असेल तर इंजेक्शन देत नाहीत, म्हणून बोटात काटा रुतू नये यासाठी बांगडे ह्यांनीच साफ केले (त्या बांगड्यांविषयी न बोललेले बरे).

औषधासोबत बधिर करणारे औषधही असते, त्यामुळे पहिले काही तास बरे वाटेल, पण नंतर एक-दोन दिवस दुखणे वाढू शकते आणि खरा गुण यायला काही दिवस, कधी दोन-तीन आठवडेही लागतात. तोवर विळी हाती धरायची नाही, म्हणून खवलेला नारळ डब्यांत भरून फ्रीजरमध्ये ठेवला आहे. येताना स्कूटर भाचा चालवील. सुईच्या जागची कातडी फिकट पडू शकते, त्याचे मला फारसे वाटत नाही.

अंगठा पुन्हा अडकू लागला तर दुसरे इंजेक्शन घ्यायचे की ते कडे मोकळे करण्याची छोटी शस्त्रक्रिया करायची, एवढे मात्र उद्या सुई टोचण्याआधी विचारून घेणार आहे.