फळ नसताना झाड ओळखा

झाडाला फळं लटकलेली असताना ते ओळखण्यात कसली मर्दुमकी? बोरं लगडली की शेळीलाही बोर कळते. खरी परीक्षा फाल्गुन-चैत्रात, अर्धा सातपुडा उघडाबोडका झालेला असतो तेव्हा. माझं जळगाव जिल्ह्यात चोपड्याला कृषी केंद्र आहे. रविवारी शटर खाली ओढलं की मी अडावदकडून उनपदेवला, नाहीतर लासूरवरून सत्रासेनच्या रस्त्याला. फोनातलं झाडं ओळखायचं अ‍ॅप मी या दिवसांत खिशातच ठेवतो. त्याला फूल लागतं, फळ लागतं. आपण साल बघायची.

चारोळीची साल काळपट करडी, उभ्याआडव्या भेगांनी चौकटी पडलेली, थेट मगरीची पाठ. पण टेंभुर्णीही अशाच चौकटी पाडते, आणि दोघी बऱ्याचदा शेजारीशेजारी उभ्या असतात. मग खाली बसून पाचोळा उकरायचा. हरभऱ्याएवढी, टणक, दोन फाकांत फुटणारी कोय सापडली तर चारोळी. आपण बासुंदीत टाकतो तो दाणा त्या कोयीच्या आतला. टेंभुर्णीचं फळ मात्र सुकलं तरी देठाशी त्याची टोपी घट्ट धरून असतं. पानं असतील तर काम आणखी सोपं: चारोळीचं पान जाड, टोकाला बोथट, बाजूच्या शिरा सरळ आणि जवळजवळ समांतर. टेंभुर्णीचं कोवळं पान लवदार. विड्या वळतात ते हेच.

नवख्यांचा जास्त घोळ होतो तो बिब्ब्याशी. चारोळी आणि बिब्बा दोन्ही आंब्याच्याच कुळातले. बिब्ब्याचं पान वीतभर किंवा त्याहून लांब, खालून पांढुरकं. फळ हिवाळ्यात येतं: वर नारिंगी बोंड, त्याखाली काळी बी. बोंड वाळवून खातात, पण बीच्या टरफलातलं तेल अंगाला लागलं की फोड आलेच. धोबी पूर्वी कपड्यांवर खुणा करायचे ते याच तेलाने. धुतलं तरी जात नाही. आमच्याबरोबर आलेल्या एका पुणेकर पाहुण्याने काळी बी उचलायला हात घातला, तर गुरं चारणारे बाबा लांबूनच ओरडले, "ओ भाऊ, बिबा शे तो, हात नका लावू!"

खाली काळ्या मातीत आलात की हिंगणबेट. याला चुकायला जागाच नाही. एका देठावर दोनच पर्णिका, म्हणजे छोटी पानं, आणि लांब, सरळ, हिरवा काटा. फळाचा गर पाण्यात चोळला की फेस येतो. बोरीचा काटा जोडीने, त्यातला एक बहुधा आकडेबाज. घोटबोर ही बोरीचीच रानातली बहीण, पण तिचं फळ हाताला लाकूडच लागतं, तिच्या नादी लागू नका.

पिकलेली, जांभळट काळी चारोळी तोंडात टाकायची असेल तर अखजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमाराला डोंगरात जा. मिळेलच असं नाही. आपण थांबलो तर दुसरा नेईल म्हणून लोक कच्चीच तोडतात, काही तर फांदीसकट. फांदी गेली की पुढच्या वर्षी मोहोर कुठे यायचा? दुकानात बसून मी हे गिऱ्हाइकांना सांगतो. ते हो हो म्हणतात आणि कपाशीच्या बियाण्याचा भाव विचारतात.