निळ्या प्लेटवरचं नारिंगी कडं : सीएएस चाचणीचा अनुभव

शरीरात लोह भरपूर, पण मोकळं जवळजवळ नाहीच. रक्तात ट्रान्सफेरिन आणि अश्रू-दुधात लॅक्टोफेरिन त्याला धरून बसलेले असतात. म्हणून सुडोमोनास एरुजिनोसासारखे जिवाणू सिडेरोफोर नावाचे छोटे रेणू बाहेर सोडतात. लोह पकडलेला रेणू मग पेशीच तिच्या पृष्ठभागावरच्या खास ग्राहकातून (रिसेप्टरमधून) आत ओढून घेते. हेच बघायला नाशिकच्या कॉलेजच्या लॅबमध्ये आम्ही 1987ची श्विन-नीलँड्स यांची चाचणी लावली. क्रोम अझुरॉल एस (सीएएस) हा रंग लोहासोबत असेपर्यंत निळा दिसतो, सिडेरोफोरने लोह हिसकावलं की नारिंगी; म्हणून जिवाणूंभोवती नारिंगी कडं उमटतं.

खरी मेहनत भांड्यांवरचं लोह घालवण्यात जाते. नाशिकच्या पितळी भांड्यांना चिंच लागते, या काचेला हायड्रोक्लोरिक आम्ल. 6 मोलर आम्लात रात्रभर बुडवायची, मग फक्त डीआयनाइझ्ड (क्षार काढलेल्या) पाण्याने चारपाचदा धुवायची. शेवटचा हात नळाच्या पाण्याने मारला की सगळं मुसळ केरात. स्टीलचा चमचाही नको, प्लास्टिकचा घ्या.

जिवाणू वाढवायच्या एका लिटर माध्यमासाठी 60.5 मिग्रॅ रंग 50 मिली पाण्यात, त्यात 1 मिलीमोलर फेरिक क्लोराइड 10 मिली, 72.9 मिग्रॅ एचडीटीएमए 40 मिलीत वेगळं विरघळवून त्यात हे रंगाचं मिश्रण हळू ओतायचं. गडद निळं होतं. हे वेगळं ऑटोक्लेव्ह करा, म्हणजे दाबाच्या वाफेत निर्जंतुक करा. पीएच स्थिर ठेवणारं 30.24 ग्रॅम पाइप्स (बफर) नुसत्या पाण्यात विरघळता विरघळत नाही. सोडियम हायड्रॉक्साइड घालत पीएच 6.8 वर आणला की विरघळतं. पीएच चुकला तर प्लेट हिरवट निघते. अगार (माध्यम घट्ट करणारा पदार्थ) साधारण 50 अंशांवर आल्यावर निळा रंग भांड्याच्या कडेने सोडा. एचडीटीएमए म्हणजे साबणच, ढवळलं की फेस, आणि फेस म्हणजे प्लेटवर भोकं.

आमची पहिली खेप जिवाणू टाकायच्या आधीच फिकी पडली. चूक माध्यमातल्या नेहमीच्या एम9 या क्षारमिश्रणाची होती: त्यात फॉस्फेट फार, आणि फॉस्फेटही लोहाला धरतं. लिटरला 0.3 ग्रॅम पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट केलं तेव्हा निळा टिकला. दुसऱ्या खेपेत कडंच उमटेना. जिवाणूंची वाढ समृद्ध ब्रॉथमधून (पोषक द्रवातून) थेट आणली होती. पेशींचं पोट लोहाने भरलेलं, मग फर (Fur) नावाचं प्रथिन सिडेरोफोरची जनुकं बंदच ठेवतं. आता पेशी सलाइनने दोनदा धुऊन थेंब टाकतो. कडं 24 ते 72 तासांत फुलतं.

पिवळसर छटा दिसली की मी लगेच खूश होत नाही. ग्लुकोजमधून आम्ल सुटलं तरीही रंग उतरतो, म्हणून पीएच पट्टी लावून बघायची. स्टॅफिलोकॉकस ऑरियस या प्लेटवर धड वाढतच नाही, कारण एचडीटीएमए त्याच्यासारख्या ग्रॅम पॉझिटिव्ह गटातल्या जिवाणूंना मारक. त्यावरून तो सिडेरोफोर करत नाही असं म्हणणं चूकच. आणि गोनोऱ्हियाचा नायसेरिया ट्रान्सफेरिनमधून थेट लोह काढतो, स्वतःचं सिडेरोफोर बनवतच नाही. त्याच्याकडून या चाचणीत नारिंगी कड्याची अपेक्षाच धरू नये.

सुडोमोनासची खातरजमा मात्र सोपी आहे. किंग्ज बी माध्यमावर वाढवून अतिनील दिव्याखाली धरा, पायोव्हर्डिन हे त्याचं सिडेरोफोर हिरवट-पिवळं चमकतं.