कोब्यावरचे तीन चौकोन : आमची वाटचाल

भोसरीतल्या आमच्या शेडमध्ये शिरलं की दाराशीच कोब्यावर ऑइलपेंटने रंगवलेले तीन लांबट चौकोन दिसतात. पिवळा मारुती ईकोचा, निळा टाटा विंगरचा, लाल टेम्पो ट्रॅव्हलरचा. जाड रेघ म्हणजे गाडीचं बाहेरचं माप. तिच्या आतली बारीक रेघ म्हणजे पत्रा, फोम आणि प्लाय यांनी आपापला वाटा घेतल्यावर माणसाला उरते ती जागा. शनिवार-रविवार बाहेर पडायला, आत झोपता येईल अशी गाडी करून हवी म्हणून कुणी आलं, की आम्ही पुढच्या खेपेला घरच्या सगळ्यांना घेऊन यायला सांगतो. सतरंज्या आमच्याकडे असतात. मनात जी गाडी असेल तिच्या चौकोनात सगळ्यांनी एकदम आडवं व्हायचं, कुशीवर वळायचं, आणि आजीने रात्री उठतात तसं उठून दारापर्यंत जायचं. नातवाच्या पोटावर पाय पडतो की नाही, हे पाच मिनिटांत कळतं.

हे चौकोन रंगवायच्या आधी आमच्या दोन गाड्या चुकल्या. त्या सांगितल्याशिवाय पुढचं काही सांगण्यात अर्थ नाही.

मूळ धंदा स्कूल बसचा. सीटा शिवायच्या, खिडक्यांना गज बसवायचे, पत्र्याचं काम, रंग. मी आणि माझ्या मेहुण्यांनी मिळून शेड भाड्याने घेतली, हाताखाली चार माणसं. मे महिना म्हणजे आमची सुगी, कारण शाळा उघडायच्या आत प्रत्येक बसला काही ना काही काम निघतंच. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि त्या मे महिन्यात शेडच्या दारात एकही बस आली नाही. पुढच्या मे महिन्यातही नाही. नाना पेठेतली पार्टची उधारी होती, शेडचं भाडं होतं. चौघांतले दोघे गावी गेले. उरलेल्या दोघांचे हात रिकामे राहू नयेत म्हणून मी आमची माल आणायची ओम्नी खाली केली आणि मिस्त्रींना म्हटलं, हिच्यात झोपायची सोय करून बघू.

ओम्नी बनणं २०१९ मध्ये थांबलं, पण रस्त्यावर ती अजून भरपूर दिसते. ७९६ सीसीचं इंजिन पुढच्या सीटखाली असल्यामुळे मागे सपाट जागा मिळते. मिस्त्रींनी घडीचा पलंग केला, त्याखाली खण, मागचं दार उघडलं की बाहेर येणारा लहानसा ओटा. काम इतकं नीटस झालं की मेहुणे येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत सुटले. नोव्हेंबरात आम्ही पानशेतच्या बाजूला गेलो: मी, बायको, दोन मुलं आणि आई. मुलं लहान होती म्हणून चौघं कसेबसे मावलो. आई पुढच्या सीटवर शाल गुंडाळून बसली. "झोपा तुम्ही. मला या वयात झोप लागते कुठे," म्हणाली. पहाटे जाग आली तर ती तशीच बसलेली, दोन्ही हातांनी गुडघे धरून पाण्याकडे बघत. एका शब्दाची तक्रार नाही. मला ते फार लागलं. मिस्त्रींच्या कामात काहीच कमी नव्हतं. दाराशी उभी होती म्हणून ती गाडी मी निवडली होती, आणि निवडताना माणसं मोजली नव्हती.

मग दुसऱ्या टोकाला गेलो. पिंपरी-चिंचवडमध्ये वाढलेल्या माणसाला मोठी गाडी म्हटलं की टेम्पो ट्रॅव्हलर आठवणारच. बजाज टेम्पोने ती १९८७ मध्ये आणली. २००५ मध्ये कंपनीचं नाव फोर्स मोटर्स झालं, तरी आमच्याकडची जुनी माणसं आकुर्डीच्या कारखान्याला अजून टेम्पो कंपनीच म्हणतात. लांब व्हीलबेसची, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांत ४०२० मिलिमीटर अंतर असलेली, एक जुनी ट्रॅव्हलर घेतली. आत उभं राहून पोळ्या लाटता येत होत्या. आईला स्वतंत्र पलंग. गाडी म्हणून ती दणकट, आणि आठ-दहा जणांच्या एकत्र कुटुंबाला मी आजही तीच घ्यायला सांगतो. पण आमचं घर धायरीच्या गल्लीत. जवळजवळ सात मीटर लांबीची गाडी गल्लीत वळेना, म्हणून ती पार मुख्य रस्त्याला लावायची. शुक्रवारी रात्री डबे, गाद्या, पाण्याचे कॅन तिथवर वाहून न्यायचे. सहा महिन्यांत आम्ही तीनदा बाहेर पडलो. आईला चढायला स्टूल लागायचं आणि वर दोघांचा हात. ती म्हणायची काही नाही, पण चौथ्या वेळी "तुम्ही जाऊन या, मी घरी आहे," असं म्हणाली, तेव्हा मी गाडी विकायचं ठरवलं.

विकणंही सोपं गेलं नाही. आधीच्या मालकाने कर्ज फेडलं होतं, पण फायनान्सवाल्यांची एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र, घेऊन आरसीवरचा, म्हणजे नोंदणी पुस्तकावरचा, कर्जाचा बोजा उतरवला नव्हता. पिवळ्या पाटीची, म्हणजे भाड्याने चालवायची गाडी, परमिट परत करायचं, खासगी करायची तर कराचा फरक भरायचा. या सगळ्यात चार महिने गाडी उभी राहिली आणि आमचे पैसे तिच्यात अडकले. तेव्हापासून शेडमधला नियम असा की बॉनेट उघडायच्या आधी कागद उघडायचे: आरसी, बोजा, फिटनेस, कर कुठवर भरलाय, चलनं किती थकलीत. इंजिन दुरुस्त होतं, तेही आपल्याच गावात. परराज्यातून आलेल्या गाडीची अडकलेली एनओसी मात्र आपल्या हातात नसते. दिल्लीकडे जुन्या डिझेल गाड्यांवर बंधनं असल्यामुळे तिकडच्या गाड्या स्वस्त मिळतात आणि पुष्कळांना मोह होतो. किंमत कमी दिसते त्यात इथला रोड टॅक्स आणि पुन्हा नोंदणीचा खर्च धरून बघा, एवढंच आम्ही सांगतो.

तिसरी गाडी विंगर. या वेळी गाडी बघायला मी आईला बरोबर घेऊन गेलो. टाटांनी विंगर २००७ मध्ये आणली. ती पुढच्या चाकांवर चालते, त्यामुळे मागच्या चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट खाली नसतो आणि आतली जमीन खाली ठेवता येते. कागदावर वाचताना हे इंजिनिअरचं बोलणं वाटतं. आईने सरकतं दार धरलं, एक पाय वर ठेवला आणि कुणाचा हात न घेता आत जाऊन बसली. व्यवहार तिथेच ठरला. बाकीची घासाघीस मेहुण्यांनी केली.

बाहेरून रुंदी १९०५ मिलिमीटर, म्हणजे सव्वासहा फूट. आत साडेपाच फुटांच्या आसपास उरतात. म्हणजे मोठ्या माणसाने गाडीच्या रुंदीत झोपायचं म्हटलं तर पाय दुमडावे लागणार. परदेशी गाड्यांचे फोटो बघून येणारे बहुतेक जण इथेच फसतात. त्या फोटोंत मागे आडवा पलंग असतो, कारण त्या गाड्या जास्त रुंद असतात. आमच्याकडे मोठी माणसं लांबीत आणि दहा वर्षांच्या आतली मुलं रुंदीत, हा हिशोब पक्का झाला. चाकांवरच्या कमानी दोन्ही बाजूंनी आत येतात, त्यांच्यावरून पलंगाची उंची ठरते. आईचा पलंग दाराला लागून, खुर्चीच्या उंचीचा, म्हणजे उठताना गुडघ्यावर जोर येत नाही.

आणि तरीही पहिल्या पावसाळ्यात एक मोठी चूक केली. साठ लिटरची पाण्याची टाकी, बॅटऱ्या आणि सामानाचा खण हे सगळं मी मागच्या दाराशी, मागच्या चाकांच्याही पलीकडे बसवलं, कारण तिथून भरायला सोयीचं. दिवेआगरहून परतताना ताम्हिणीच्या चढावर धो-धो पावसात एका वळणाशी गाडी थांबवावी लागली, आणि पुन्हा निघताना पुढची चाकं जागच्या जागी फिरू लागली. मागे बसलेलं वजन तरफेसारखं गाडीचं नाक उचलत होतं, आणि गाडी ओढायची तर नाकाखालच्याच चाकांनी. मुलं मागे झोपलेली. टाकी तिथेच रिकामी केली, बायको आणि मी सामान पुढे ओढलं, तेव्हा गाडी हलली. दुसऱ्या दिवशी सकाळी वजनकाट्यावर गेलो. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग पूर्ण गाडी. मागचा भार किती झालाय ते चिठ्ठीवर बघून मी बराच वेळ तिथेच उभा होतो. टाकी आता पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये असते.

काट्यावर जायची सवय तेव्हा लागली ती आजतागायत आहे. गाडी हातात आली की रिकामी तोलतो, काम झाल्यावर पुन्हा, आणि कंपनीने ठरवलेल्या एकूण वजनातून वजा करून किती माणसं आणि किती सामान बसेल ते गिऱ्हाइकाला लिहून देतो. पाणी लिटरला किलो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. प्लायचं कुणाच्या लक्षात येत नाही. १८ मिलिमीटरचा आठ बाय चारचा एक मरिन प्लाय पस्तीस किलोंच्या घरात जातो. भवानी पेठेतून चार शीट आणल्या की गाडीत दोन धडधाकट माणसं जास्तीची बसली म्हणायचं. म्हणून आता सांगाडा ॲल्युमिनियमचा आणि त्यावर पातळ प्लाय. बॅटरीही लिथियमची घेतो. शंभर ॲम्पिअर-अवरची बारा-तेरा किलोंत येते, जुन्या पद्धतीची तीसच्या वर जाते.

ईकोचा पिवळा चौकोन लहान दिसतो म्हणून तिला कमी लेखू नका. लांबी ३.६७५ मीटर, रुंदी १.४७५. नवराबायको आणि एक लहान मूल असेल, आणि सोसायटीच्या तळघरात पार्किंग असेल, तर माझं मत ईकोच्या बाजूने. पुण्यात बऱ्याच सोसायट्यांच्या पार्किंगच्या तोंडाशी २.१ मीटरवर दांडा लावलेला असतो. उंच छपराची गाडी तिथे थांबणारच. आणि जी गाडी दाराशी उभी राहत नाही ती वापरली जात नाही, हे आम्ही ट्रॅव्हलरवर पैसे घालवून शिकलो. म्हणून गिऱ्हाइकाला मी पहिला प्रश्न बजेटचा विचारत नाही. गाडी सोमवार ते शुक्रवार कुठे उभी राहणार, हे विचारतो, आणि शक्य असेल तर टेप घेऊन जाऊन येतो.

जुनी गाडी बघताना गंज कुठे शोधायचा, याला स्कूल बसची वर्षं कामी आली. कोकणात, समुद्राकाठी राहिलेली गाडी वरून चकचकीत असते. चाकांच्या कमानींच्या आत, दाराखालच्या पट्टीत, स्टेपनीच्या मागे आणि छपराच्या पन्हाळीत बोट घालून बघायचं. सोलापूर, लातूरकडची कोरड्या हवेतली गाडी जास्त किलोमीटर पळालेली असली तरी मी ती आधी घेईन. शाळेच्या व्हॅनचं सरकतं दार दिवसातून किती वेळा उघडतं ते मोजा, म्हणजे त्याची पट्टी आणि रोलर आधी का बघायचे ते कळेल.

छप्पर आम्ही कापत नाही. पॉप-अप, म्हणजे वर उचलता येणाऱ्या छपराची मागणी खूप येते, आणि दरवेळी नाही म्हणताना काम हातचं जातं, तरी नाही. एक तर ताम्हिणी-मुळशीचा पाऊस छपराला पडलेलं प्रत्येक भोक शोधून काढतो. दुसरं म्हणजे मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२: आरसीत नोंदलेल्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केलं. कॅराव्हॅन, म्हणजे आत राहता येईल अशी, नवी गाडी बनवून विकणाऱ्यांसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. ती वाट मोठ्या कारखान्यांची. आम्ही काढता-घालता येणारं सामान बनवतो, आणि सीटच्या संख्येला हात लावायचा असेल तर आधी आरटीओची लेखी परवानगी, मग पाना. विमा कंपनीलाही कळवायचं. धावत्या गाडीत कुणी पलंगावर झोपायचं नाही. सगळ्यांनी सीटवर, पट्टा लावून. गॅसचं म्हणाल तर एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला की जमिनीलगत साचतो, म्हणून सिलिंडरच्या खणाला तळाशी जाळी हवीच, खिडकी उघडी आहे एवढ्यावर भागत नाही. यावर आमच्याशी वाद घालून एक गिऱ्हाईक निघून गेलं. जाऊ दिलं.

२०२१ मध्ये राज्य सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आणि विचारणा वाढली. पुढे शाळा उघडल्या, बसची कामंही परत आली. गावी गेलेल्यांपैकी एक परतला. आजवर आमच्या हातून तेवीस गाड्या गेल्या आहेत, त्यातल्या चौदा विंगर. वर्षाला पाच-सहाच्या वर घेत नाही, कारण मे महिना अजूनही शाळांचा असतो आणि त्यांनी आम्हाला इतकी वर्षं पोसलं आहे.

गेल्या महिन्यात सांगवीहून एक कुटुंब आलं. त्यांची चौदा वर्षांची मुलगी व्हीलचेअरवर असते. तिला सगळ्यांसारखं रात्री तंबूपाशी, चांदण्यात थांबायचं आहे आणि सकाळी आपलं आपण दारापर्यंत यायचं आहे, असं तिने स्वतःच सांगितलं. व्हीलचेअर जागच्या जागी वळवायला १५० सेंटिमीटरचं वर्तुळ लागतं. मी खडूला दोरी बांधून निळ्या चौकोनात ते काढलं. भिंतीला काहीच नसेल तर बसतं. म्हणजे पलंग दिवसा उभा करून भिंतीला चिकटवायचा, आणि तो तिला एका हाताने खाली घेता आला पाहिजे, बोट न चिमटता. मिस्त्रींनी आतापर्यंत तीन बिजागऱ्या करून पाहिल्या. तिसरी बरी आहे, पण शेवटच्या वितीला अजून धाडकन पडते. शनिवारी मुलगी पुन्हा येणार आहे, तोवर चौथी तयार करायची आहे.